पुढची दहाची नोट

घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की आईवडील रात्री जेवणं आटोपल्यावर हिशेब मांडून बसतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला त्याची कुणकुण लागते. आजीला तर न सांगताच कळतं. घरात बौद्धिक अक्षमता असलेला तरुण मुलगा असेल, तर त्याला मात्र यातलं काही सांगितलं जात नाही. त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त परिणाम. रविवारचं चिकन बंद होतं, रिक्षाच्या जागी बस येते, क्रीमची बिस्किटं जाऊन साधी येतात. का, असं विचारलं तर 'नाही म्हटलं ना' एवढंच उत्तर. मग तो चिडतो, आदळआपट करतो आणि घरातली माणसं एकमेकांना सांगतात, "बघा, त्याला पैशातलं काही कळत नाही."

कळण्यासारखं काही त्याच्यासमोर ठेवलेलंच नसतं. एरवी घरातला खर्च आपोआप होत असतो. बिल मोबाइलवरून भरलं जातं, किराणा घरपोच येतो, पैशाचा विषय मोठ्याने निघत नाही. काटकसरीच्या महिन्यांत मात्र प्रत्येक खर्च बोलून, मोजून, ठरवून होतो. शिकणाऱ्याला नेमकं हेच लागतं. म्हणून माझं मत असं की, बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला पैसा शिकवण्यासाठी तंगीचे महिने फार चांगले. फक्त कात्री घरातल्या सगळ्यांना लागली पाहिजे, आणि पहिली त्याला लागता कामा नये.

हिशेबापुरतं एक घर धरू. नाशिकमध्ये राहणारं. वडील सातपूरच्या कारखान्यात, ओव्हरटाइम बंद झालेला, हातात महिन्याला ३८,००० रुपये येतात आणि खर्च होतो ४०,०००. आई घर सांभाळते, आजी सोबत आहे. मोठा मुलगा बावीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. धाकटी बहीण 'दादा' म्हणते म्हणून सगळेच त्याला दादा म्हणतात. तो रोज एका संरक्षित कार्यशाळेत जातो. तिथे कागदी पिशव्या, राख्या, दिवाळीच्या पणत्या होतात आणि थोडं विद्यावेतन मिळतं. कार्यशाळेची फी आणि व्हॅन मिळून २,५०० रुपये जातात.

दोन हजारांची तूट, आणि समोर अडीच हजारांचा हा खर्च. बहुतेक घरांत बोट इथेच थांबतं. 'तसंही तिथे जाऊन तो काय मोठं कमावतो?' गणित बरोबर दिसतं, पण त्यात बऱ्याच गोष्टी मोजलेल्या नसतात. घरी बसलेल्या दादाजवळ दिवसभर कुणीतरी थांबावं लागतं, म्हणजे आईचं बाहेर पडणं संपलं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास आणि वजनवाढ पुष्कळांना असते. बैठं आयुष्य त्यात भर घालतं. वर्षानुवर्षं घोटून बसवलेल्या सवयी काही महिन्यांत विरतात, त्या पुन्हा बसवायला वर्ष लागतं. आणि पैसे कमी पडले की आपल्याला वगळतात, एवढं मात्र तो न शिकवता शिकतो.

तेव्हा ती फी तशीच ठेवून पुढे जाऊ.

मतिमंदत्व हाच शब्द सर्रास वापरला जायचा त्या काळात विशेष शाळांत पैसा शिकवला जाई तो गणिताच्या तासाला. आधी बेरीज, मग हातच्याची बेरीज, मग वजाबाकी, आणि तिथवर पोचलाच तर रुपये-पैसे. पुष्कळ मुलं हातच्यावर अडकत आणि वीस वर्षांची झाली तरी नोट हातात न धरताच शाळेतून बाहेर पडत. १९७६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले लू ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शिडीच नाकारली. त्यांचं म्हणणं होतं की, मोठेपणी खऱ्या घरात, खऱ्या दुकानात, खऱ्या कामाच्या जागी या माणसाला जे करावं लागणार आहे, ते थेट शिकवा, आणि शक्यतो त्याच जागी नेऊन शिकवा. आपल्याकडेही त्याच सुमारास, १९७५ मध्ये, चेन्नईच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेस या संस्थेने एक मूल्यमापन पद्धत तयार केली. मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम हे तिचं नाव. देशभरातल्या विशेष शिक्षकांना ती परिचयाची आहे. तिच्यात १८ क्षेत्रं आहेत आणि प्रत्येकात २० कौशल्यं, एकूण ३६०. अंक हे एक क्षेत्र आहे आणि पैसा हे दुसरं, स्वतंत्र. पालकांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. बेरीज न येणारा माणूस दूध आणू शकतो, भाजी आणू शकतो, आपल्या पैशांत काय बसतं आणि काय नाही हे ठरवू शकतो.

सुरुवात नोटा ओळखण्यापासून. खेळण्यातल्या नोटा आणू नका. खऱ्या नोटेचा आकार, स्पर्श, तिच्यावरचा मळ या सगळ्यातून ओळख पक्की होते, आणि खोट्या नोटांवर शिकलेलं दुकानात उपयोगी पडत नाही. सध्याच्या मालिकेत रंगांची मदत चांगली होते. दहाची चॉकलेटी, वीसची हिरवट पिवळी, पन्नासची निळी, शंभरची फिकट जांभळी, दोनशेची भडक पिवळी, पाचशेची राखाडी. वीसच्या नोटेवर मागच्या बाजूला आपलं वेरूळ आहे. दादा तिथे सहलीला जाऊन आला असेल तर ती नोट तो कधी विसरणार नाही. घोटाळा होतो तो जुन्या नोटांशी. शंभरची जुनी नोटही निळसर आहे आणि ती अजून चालते, त्यामुळे रंगावर विसंबणारा मुलगा तिला पन्नासची समजतो. सुरुवातीचे काही महिने त्याच्या पाकिटात जुनी शंभरची नोट जाऊ देऊ नये.

नाण्यांचा त्रास याहून मोठा. दहाच्या नाण्याचे १४ वेगवेगळे नमुने चलनात आहेत आणि सगळेच वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं, कारण धडधाकट दुकानदारही ती घ्यायला कां-कूं करत होते. त्यानंतर वीसचं नाणं आलं. दहाच्या नाण्याला सोनेरी कडं आणि आत रुपेरी चकती. वीसच्याला रुपेरी कडं, आत सोनेरी चकती. वरून वीसचं नाणं बारा बाजूंचं. डोळ्यांपेक्षा बोटांना ते लवकर कळतं, म्हणून खिशात हात घालून चाचपत वीसचं नाणं ओळखण्याचा खेळ घ्यावा.

आता मुख्य युक्ती. अमेरिकेतल्या विशेष शिक्षणात 'पुढचा डॉलर' नावाची पद्धत अनेक दशकं वापरात आहे. किंमत तीन डॉलर आणि वर काही सेंट असेल, तर सेंटांकडे बघायचंच नाही. चार डॉलर द्यायचे आणि उरलेले परत घ्यायचे. आपल्याकडे ती 'पुढची दहा' म्हणून छान बसते. दुधाची पिशवी ३६ रुपयांची. पहिला आकडा तीन. तीन दहा मोजायचे, वर एक दहा ठेवायची. चाळीस दिले. ४७ असतील तर चार आणि वर एक, पन्नास. वस्तू नेमकी चाळीसची असली तर तो पन्नास देईल आणि दुकानदार दहा परत करेल. बिघडलं काहीच नाही. या पद्धतीत वजाबाकी लागत नाही, हातचा लागत नाही. दहापर्यंत मोजता आलं आणि छापील किमतीतला पहिला आकडा वाचता आला की पुरे. शंभरच्या आतली बहुतेक खरेदी यात बसते. अडचण एकच, दहाच्या नोटा हल्ली मिळत नाहीत. बँकेत मागून बंडल मिळालं तर घ्यावं, नाहीतर दहाच्या नाण्यांवर काम चालवावं.

उरलेले पैसे बरोबर आले का, हे दादाने दुकानातच मोजावं असा हट्ट पहिल्या वर्षी धरू नये. आलेले सुटे पाकिटात टाकायचे आणि घरी येऊन काचेच्या बरणीत ओतायचे, इतकंच. दोन-चार रुपये कुठे गळाले तर ते शिकवणीची फी समजावेत. एक मात्र आधीच शिकवून ठेवावं. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो, तेव्हा "चॉकलेट नको, पैसे द्या" असं म्हणता आलं पाहिजे. हे वाक्य घरात नाटक करून घोटावं लागतं. आजी दुकानदार झाली तर दादाला ते विशेष आवडतं, असा अनुभव येईल.

दूध आणणं हे आपल्याला एक काम वाटतं. प्रत्यक्षात ते आठ-दहा कामांचं मिळून झालेलं असतं: पाकीट घेणं, चपला घालणं, रस्ता ओलांडणं, रांगेत थांबणं, 'अर्धा लिटर गाईचं' म्हणणं, किंमत बघणं, नोटा मोजणं, सुटे घेणं, पिशवी न फोडता घरी आणणं, सुटे बरणीत टाकणं. विशेष शिक्षक असं काम तुकड्यांत मोडतात आणि पुष्कळदा शेवटच्या तुकड्यापासून शिकवतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात सगळं आई करते, दादा फक्त सुटे बरणीत टाकतो. मग सुटे तोच घेतो. मग नोटाही तोच देतो. असं मागून पुढे सरकत गेलं की प्रत्येक वेळी काम पूर्ण होण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. सुरुवातीपासून शिकवलं तर तो पहिल्या दोन पायऱ्या करतो आणि उरलेला वेळ आईच्या तोंडाकडे बघत उभा राहतो.

ओळखीचा दुकानदार सुरुवातीला मोठा आधार असतो. पुढे तोच अडसर होतो. दादा नोटा मोजायला लागला की तो प्रेमाने म्हणतो, "दे रे इकडे," आणि पाकिटातून स्वतःच पैसे काढून घेतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण दादाचं शिकणं तिथे संपतं. त्याला समजावून सांगावं, आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या, मग तिसऱ्या दुकानात जावं. एकाच जागी आलेलं कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, हे बौद्धिक अक्षमतेचं ठळक लक्षण आहे.

खरेदी आली, पण खर्चाचा अंदाज ही वेगळी गोष्ट. त्यासाठी महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं घर जमिनीवर बसवावं. मध्ये ३८ चिंचोके. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. भोवती चित्रांच्या चिठ्ठ्या: घराचा हप्ता, किराणा, दूध-भाजी, वीज, गॅस, औषधं, बहिणीचं कॉलेज, दादाची कार्यशाळा, पेट्रोल, मोबाइल, बाहेरचं खाणं. वडील एकेका चिठ्ठीचा आकडा सांगतात आणि दादा तितके चिंचोके तिच्यावर ठेवतो. अर्ध्याचा प्रश्न आला तर चिंचोका फोडू नये, दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावा. शेवटी एक-दोन चिठ्ठ्यांपाशी चिंचोके संपतात. चिंचोका म्हणजे हजार ही कल्पना दादाला समजेलच असं नाही. 'संपले' हे मात्र त्याला नक्की समजतं, आणि आई वाईट वागते म्हणून क्रीमची बिस्किटं बंद झालेली नाहीत, हेही. आता प्रश्न सगळ्यांपुढे मांडायचा: कुठल्या चिठ्ठीवरून उचलायचे? बाहेरच्या खाण्यावरून एक उचलू, असं बहीण म्हणते. बाबांच्या पेट्रोलवरचा एक दादा स्वतः उचलतो. बाबांनी तिथे हसून विषय टाळला, तर पुढच्या महिन्यात दादा बसणार नाही.

हाच खेळ लहान प्रमाणात भाजीला लावता येतो. टेबलावर दहाच्या दहा नोटा, समोर भाज्यांची चित्रं. प्रत्येक चित्रावर तिच्या किमतीइतक्या नोटा ठेवायच्या. फ्लॉवरवर सहा गेल्या की मेथीची जुडी आणि टोमॅटो मिळून चारांतच बसवावे लागतात. आई म्हणते, "दादा, फ्लॉवर हवाच का आज?" तो थांबतो, बघतो, दोन नोटा उचलून पुन्हा ठेवतो. असं थांबून बघणं म्हणजेच अंदाजपत्रक. त्यापलीकडचं सगळं लेखनकाम आहे, ते बहीण करील.

घरखर्च आवळताना दादाकडे खरी कामं सोपवता येतात, आणि काही कामांत तो इतरांपेक्षा सरस ठरतो. विजेचं बिल घ्या. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त असतात आणि १०१ ते ३०० या टप्प्यात दर एकदम चढतो. महिन्याला १८० युनिट वापरणाऱ्या घरात वाचवलेला प्रत्येक युनिट या महागड्या टप्प्यातून कमी होतो. सगळे आकार धरून तो १२ रुपयांना पडतो असं समजू. २,००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातो. रोज पंधरा मिनिटं कमी केली तर महिन्याला १५ युनिट, म्हणजे १८० रुपये वाचले. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा लावला, तो दिवसाला पंधरा तास चालला, तर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. मात्र पंख्याला तीन हजार मोजावे लागतात, तेव्हा तंगीच्या महिन्यात नाही, जुना बिघडेल तेव्हा. गीझरला टायमर लावणं आणि तो वाजल्यावर बटण बंद करणं हे दादाचं काम. दर रविवारी मीटरवरचा आकडा वहीत उतरवणं हेही त्याचंच. त्याला वजाबाकी येत नसली तरी आकडे उतरवता येतात, आणि रविवार तो चुकवत नाही. आपण सगळे चुकवतो.

यात एक धोका आहे. नियमाला चिकटून राहणाऱ्या मुलाला, विशेषतः स्वमग्नता असलेल्याला, 'पंखा बंद करायचा' एवढंच सांगितलं तर तो आजी झोपलेली असतानाही बंद करतो, आणि भर मे महिन्यात आजीचा आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातो. नियम पूर्ण सांगावा: खोलीत कुणी नसेल तर.

रद्दीही त्याच्याकडे द्यावी. वजन होतं, भाव सांगितला जातो, रोख पैसे हातात येतात. कमाई आणि श्रम यांचा संबंध इतक्या थोड्या वेळात दाखवणारा दुसरा व्यवहार शहरी घरात उरलेला नाही.

औषधांत मोठी बचत होऊ शकते. जनऔषधी केंद्रांत तीच औषधं ब्रँडच्या तुलनेत बरीच स्वस्त मिळतात. अपस्माराचं किंवा थायरॉइडचं औषध मात्र डॉक्टरांना न विचारता बदलू नये. कंपनी बदलल्यावर काहींना मात्रा पुन्हा जुळवून घ्यावी लागते. निरामय ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ती आहे. विम्याआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही काही खर्च तिच्यात मिळतो. दिव्यांगांचं वैश्विक ओळखपत्र काढलेलं असेल तर एसटीच्या साध्या गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत शयनयान आणि तृतीय वातानुकूलित डब्यातही तितकीच, आणि एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाच्या सोबत्यालाही ती मिळते. अनेक घरं ही सवलत लाजेखातर घेत नाहीत. मग आजोळी जाणंच बंद होतं. लाज महाग पडते, आणि तिची किंमत दादा भरतो.

वीज, औषधं, दुहेरी रिचार्ज, बाहेरून मागवलेलं खाणं एवढ्यात आपल्या घराची दोन हजारांची तूट भरून निघते. अडीच हजारांच्या चिठ्ठीला कुणी हात लावलेला नाही.

दादाचे स्वतःचे पैसे हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग. आठवड्याला ठरावीक रक्कम त्याच्या हातात द्यावी, शंभर असो की पन्नास. महिना त्याच्यासाठी फार लांबचा काळ असतो, शनिवार जवळचा. दोन पारदर्शक बरण्या पुरतात: एक खर्चाची, एक साठवायची. साठवायच्या बरणीवर हव्या असलेल्या वस्तूचा फोटो चिकटवावा, क्रिकेटची टोपी किंवा इयरफोन. आणि मग घरच्यांनी हात मागे घ्यावा. तो शनिवारी संध्याकाळीच सगळे पैसे चिप्सवर उडवेल. रविवारी भेळेच्या गाडीपाशी त्याच्याकडे काही नसेल. त्या वेळी बाबांनी गुपचूप वीस रुपये दिले तर बरण्या उचलून माळ्यावर टाकाव्यात, त्यांचा काही उपयोग नाही. रॉबर्ट पर्स्की या अमेरिकी लेखकाने १९७२ मध्ये लिहिलेला एक निबंध या क्षेत्रात आजही वाचला जातो. अतिकाळजीमुळे आपण या माणसांची चुकण्याची संधी काढून घेतो आणि तिच्याबरोबर त्यांची प्रतिष्ठाही, असं त्याचं प्रतिपादन. पन्नास रुपयांची चूक पंचविसाव्या वर्षी होऊन गेलेली बरी. पन्नाशीत आईवडील नसताना होणारी चूक पन्नास रुपयांची नसेल.

रोख पक्की झाल्यावरच मोबाइल. तरुणांना तो आधी हवा असतो, बरोबरीचे सगळे क्यूआर कोड स्कॅन करतात, त्याचीही इच्छा होणारच. अदृश्य पैसा मोजायला अवघड, पण काही सोयीही आहेत. दुकानातला साउंडबॉक्स किती रुपये आले ते मोठ्याने सांगतो. दादाला तो आकडा ऐकून ताडता येतो. यूपीआय सर्कल ही सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. तिच्यात वडील आपल्या खात्यावर दादाला दुय्यम वापरकर्ता म्हणून जोडू शकतात. एका प्रकारात दादाचा प्रत्येक व्यवहार वडिलांनी मान्य केल्यावरच पुढे जातो. दुसऱ्यात मर्यादा ठरवून मोकळीक देता येते, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपये. आठवड्याचा आकडा वडिलांनी अर्थातच फार खाली ठेवावा. फसवणुकीचे बावीस प्रकार शिकवत बसू नये, तो गोंधळेल. दोनच गोष्टी पाठ कराव्यात: पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, आणि आपला मोबाइल घरच्यांखेरीज कुणाच्या हातात द्यायचा नाही. दादाला सगळेच मित्र वाटतात, त्यामुळे दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड जाते.

कायदा काय म्हणतो, हे बँकेच्या पायरीवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, मुलाला कितीही मदत लागत असली तरी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १३ ने दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार चालवण्याचा हक्क दिला आहे. मदत करणाऱ्याने दबाव आणू नये, आणि एखाद्या व्यवहारात त्याचा स्वतःचा हितसंबंध असेल तर त्या व्यवहारापुरतं त्याने बाजूला व्हावं, असंही तिथे स्पष्ट आहे. गरज असेल तिथे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते आणि तिचं प्रमाणपत्र बँका स्वीकारतात. माझा सल्ला असा: दादाला सही करता येत असेल, आपले पैसे कुठे आहेत हे सांगता येत असेल, तर किमान शिलकीची अट नसलेलं मूलभूत बचत खातं त्याच्या नावाने उघडून बघावं. पालकत्वाचा अर्ज तिथे अडलं तरच करावा.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना मिळणारी रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाली. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० असल्याने आपल्या उदाहरणातल्या घराला ती मिळणार नाही. ज्यांना मिळते त्यांच्या घरी ही रक्कम बहुधा थेट किराण्यात जाते. त्यांना मी दोष देणार नाही. चूल पेटायची असते. पण ते पैसे दादाचे आहेत, हे त्याच्यासमोर बोललं गेलं पाहिजे. 'दादा, तुझ्या पैशातून आज तांदूळ आणले' असं आईने म्हणावं आणि त्यातले दोन-तीनशे त्याच्या बरणीत टाकावेत. घरात पैसे देणारा माणूस चिंचोक्यांच्या बैठकीत वेगळ्या ताठ्याने बसतो.

शेवटचं काम आईवडिलांचं. एक साधी वही करावी आणि तिच्यात दादाचा सगळा पैशाचा व्यवहार लिहावा. खातं कुठल्या शाखेत, ओळखपत्र कुठल्या कपाटात, विमा कधी नवा करायचा, औषधं कुठून येतात, तो कुठल्या दुकानांत एकटा जातो, कुठल्या नोटेला फसतो, आठवड्याला किती पुरतात, कशासाठी साठवतोय. दर दिवाळीला ती ताजी करावी. दादाला शेजारी बसवून लिहावी, कारण निम्मी माहिती त्यालाच जास्त ठाऊक असते. आणि आपल्यानंतर हे सगळं बघणारी म्हणून तिच्यात बहिणीचं नाव लिहिणार असाल, तर लिहिण्याआधी बहिणीला विचारा.